उत्तराचा पाट

पंतोजी ज्याच्यावर रागावत, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी लाल भोपळा येई. भोपळा बगलेत मारून ते स्वतःच उभे राहत. "काल जरा जास्त बोललो. हा घे." एवढंच म्हणायचे आणि समोरचा काही बोलायच्या आत पाठ फिरवायचे. भोपळ्याचा वेल त्यांनी आपल्या खोपीवर चढवलेला होता आणि त्यांचा रागही तसाच बारमाही होता, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसे. कार्तिए मिलितेरच्या आमच्या कांपात, म्हणजे उसाच्या मळ्यावर कुल्यांच्या झोपड्यांची जी रांग असते तिथं, कोणाच्या चुलीवर भोपळा शिजतोय यावरून कोण बोलणी खाऊन आलंय ते सगळ्यांना कळायचं. माझ्या चुलीवर जितका शिजला तितका कोणाच्या शिजला नसेल. एकदा मी म्हटलं, "पंतोजी, रागवा हवं तेवढं, पण आता दोडक्याचा वेल लावा." त्यावर त्यांनी मला पुन्हा झापलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळाच आणला.

त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण ते इथं लिहीत नाही. त्यांना त्या नावानं हाक मारणारं माणूस या बेटावर कोणी नव्हतंच. आम्ही ख्रिस्ती झालेले, आमचे हिंदू शेजारी, बाजारातले मद्रासी, मळ्याचा गोरा मेस्ये, म्हणजे मालक, सगळे पंतोजीच म्हणत. कोकणात ते मिशनच्या शाळेत शिकवीत होते. मग कुल्यांच्या जहाजावर दुभाषे म्हणून चढले, आणि आम्हा मराठी बोलणाऱ्यांना, म्हणजे इथल्या भाषेत 'बंबाय' लोकांना, शुभवर्तमान सांगायला पोर्ट लुईच्या पाद्रीसाहेबानं त्यांना ठेवून घेतलं. जहाजात चढले ते का, घरी कोण होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मी पाटावर बसलो की विचार." ते पाटावर बसल्यावर मी विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. म्हणूनच तेही मी इथं लिहीत नाही.

काळा कोट घालत. गुंड्या तुटलेल्या, त्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचलेले. बूट होते, पण ते दोरीनं गळ्यात अडकवलेले असत. आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीशी बसून पाय पुसून ते घालायचे आणि बाहेर आल्यावर परत गळ्यात. रस्त्यावर चालायला देवानं पाय दिलेत म्हणत. इथली क्रिओल ते मराठीच्या चालीवर बोलत. घोड्यावरच्या शिपायानं अडवून कुठं चाललास म्हणून विचारलं, तर हात जोडून म्हणायचे, "मो पा कोने रे बाबा," मला ठाऊक नाही रे बाबा. शिपाई हसून सोडून द्यायचा. गाणं मुळीच येत नसे आणि उपासनेत सगळ्यांत मोठ्यानं तेच गात. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसापाशी राहणं किती त्रासाचं असतं, ते राहिलेल्यांनाच ठाऊक.

मी या बेटावर नवऱ्याबरोबर आले. गिरमिट, म्हणजे मळ्याचा करार, संपायच्या आत तो तापानं गेला. मी ऊस सोलत राहिले. पंतोजींनी मला अक्षरं शिकवली, आणि कांपातल्या बायकांना मी शिकवावं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी, असं ठरवलं. असे आम्ही त्यांच्या हाताखाली तिघं तयार झालो. मी इथं. बेटाच्या दक्षिणेला सुरिनाम गावात म्हातारा भागोजी, जो मासे मारी आणि मासे मारता मारता उपदेश करी. आणि उत्तरेला पांपलमूसला धोंडू. गिरमिट सुटलेला, उंच, गोड गळ्याचा, पाठांतर असं की पुस्तक मिटून ठेवावं. धोंडू गाऊ लागला की पंतोजी मात्र गप्प होत. जगात त्यांना गप्प करणारी तेवढीच एक गोष्ट होती.

पगारानंतरच्या रविवारी दर महिन्याला आम्ही तिघं पंतोजींच्या खोपीवर जमत असू. चार रस्ते मिळतात तिथं, बाजाराच्या मागं ती खोपी होती. आत एक पाट होता. जहाजाच्या फळीचा, त्यांनी स्वतः तासलेला, एका अंगाला थोडा कललेला. त्याला ते उत्तराचा पाट म्हणत. ज्यानं उत्तर द्यायचं त्यानं पाटावर बसायचं, आणि विचारणाऱ्यांनी खाली जमिनीवर. हे आम्हाला पहिल्यांदा उलटंच वाटलं. आमच्या मुलखात विचारणारा वर बसतो आणि ज्याला विचारायचं तो उन्हात उभा राहतो. भागोजी तर पाटावर बसायलाच तयार नव्हता. पंतोजी म्हणाले, "खरं सांगायला बसतोय ना? मग मान त्याचाच."

प्रश्न ठरलेले असत. या महिन्यात कोणाला टाळलंस? कोणावर जोर केलास? दुसऱ्याला सांगितलंस ते स्वतः केलंस का? पाटावरचं बोलणं त्या खोपीच्या बाहेर न्यायचं नाही, दुसऱ्याच्या पाठीमागं त्याची चौकशी करायची नाही, आणि ऐकून घेतलं तेवढ्यावर थांबायचं नाही, आपल्या पायानं जाऊन पाहायचं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा सांगितलं की अंगाला फोड आलेल्या एका बाईकडं मी जात नाही, किळस येते. मला वाटलं आता भोपळा नक्की. पंतोजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि म्हणाले, "चल, दोघं जाऊ." त्या बाईचे फोड त्यांनी कोमट पाण्यानं धुतले आणि मी कापड धरलं. पुढच्या खेपेला मी एकटी गेले.

त्यांचा एक बोल सारखा तोंडात असे. "विचारायचं ते माणूस सांभाळायला. पकडायला सरदार आहे की." मळ्यावर राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उजाडायच्या आत घंटा व्हायची, सरदार, म्हणजे मळ्याचा मुकादम, नावं पुकारायचा, आणि जो हजेरीला नसेल त्याचा एक दिवस बुडाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी असला तरी. घंटा वाजली की पंतोजी डोळे मिटून घेत, थांबली की उघडत. आमच्या कांपातली माणसं उपाशी झोपायची ती बहुतेक त्या घंटेपायीच.

सगळ्यांचं झालं की शेवटी पंतोजी पाटावर बसत. "आता माझी पाळी. विचारा." हा भाग आम्हाला जड जाई. गुरूला कोण काय विचारणार? भागोजी हात जोडून दरवेळी एकच प्रश्न विचारी, "पंतोजी, जेवलात का?" पंतोजी असे चिडत की काटे तुटून कोट उघडा पडे. "हा प्रश्न व्याह्याला विचार. मला असं विचार की माझा घास अडकला पाहिजे. मी चुकलो तर तुम्ही तिघं चुकाल, आणि तुमच्यामागची सगळी चुकतील, कळतंय का?" भागोजी मान हलवी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारी, जेवलात का. सुरिनामला भोपळा पोहोचवायला पंतोजींना पुष्कळ चालावं लागे.

धोंडू पाटावर बसला की खोपीचा रंगच बदले. तो उत्तरं अशी देई की ऐकत राहावं. कुठं कमी पडलो, कसं डोळ्यांत पाणी आलं, कशी प्रार्थना केली, मग कसा मार्ग दिसला. पंतोजींच्या चेहऱ्यावर असं काही दिसे की मी नजर वळवी. आमच्यात म्हणतात, आवडतीचा शेंबूड गोड. मला धोंडू आवडत नव्हता हे मी लपवत नाही, आणि मत्सर होता असं कोणी म्हटलं तरी भांडणार नाही. पण मला एक गोष्ट दिसत होती. पंतोजी माझ्या बायकांकडं एक दिवसाआड येत. भागोजीचं काम बघायला कितीदा तरी सुरिनामपर्यंत चालून गेले. पांपलमूसला मात्र मागच्या ऊसतोडणीपासून गेलेले नव्हते. धोंडूचं ऐकूनच त्यांचं पोट भरे.

म्हणून त्यांची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "पंतोजी, धोंडूकडं पायानं जाऊन कधी पाहिलंत?"

धोंडू तिथंच बसला होता. तो हसला. पंतोजी नाही हसले. "गेलो नाही," म्हणाले. पाटावर खोटं बोलत नसत. पण मग उठले आणि माझ्यावर असे तापले की भागोजी दारापर्यंत सरकला. ज्याच्या कामाला फळ दिसतंय त्याच्या मागं काय लागायचं, म्हणाले. तुझ्या बायका आधी वेळेवर जमव, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोपळा आला. मी तो घेतला आणि म्हटलं, "भोपळा ठेवते, पण प्रश्न माझा तसाच आहे."

"पावसाळा जाऊ दे, बाय. गुडघा धरतो पावसात."

"हाच गुडघा सुरिनामला गेला होता."

ते थोडे हसले आणि पाठ वळवून गेले. पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. पाऊस त्या वर्षी लांबला, वादळंही आली, आणि उत्तर तेच येत राहिलं.

पाऊस उघडला आणि बाजारात पांपलमूसचा एक गाडीवान भेटला. आमच्याच बोलीचा होता, हिंदू होता. मी ओळखीची म्हणून उभा राहिला. पंतोजी शेजारी भाजी निवडत होते, त्यांना तो ओळखत नव्हता.

"तुमच्या त्या धोंडूनं भली हजेरी लावलीया," तो म्हणाला. "सरदार बरा म्हनायची पाळी आली तुमच्या लोकांवर."

मग त्यानं सांगितलं ते असं. धोंडू रविवारी उंच खुर्चीवर बसून एकेकाचं नाव पुकारी. जो आला नसेल त्यानं पुढचे दोन रविवार बाहेर उभं राहायचं. चूक कबूल केली तर तिलाही दुप्पट शिक्षा. तिथं गोदी म्हणून एक विधवा होती, पंतोजींनीच बाप्तिस्म्यासाठी तयार केलेली, तिला एक लहानगी मुलगी. मुलीला ताप भरला तेव्हा गोदीनं गावाकडच्या देवीला कोंबडा बोलला. मग तिचंच मन खाऊ लागलं, म्हणून ती आपणहून धोंडूकडं गेली आणि विश्वासानं सांगून आली. धोंडूनं ते रविवारी सगळ्यांसमोर पुकारलं. दोन महिने तिच्या झोपडीत कोणी जायचं नाही, तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. ती ख्रिस्ती झाली तेव्हा जातीनं तिला टाकलंच होतं, आता आमच्यांनीही टाकलं. मूल त्या दोन महिन्यांत गेलं. शेजारची एक भोजपुरी म्हातारी तेवढी येऊन बसली. तिच्या बोलीत आणि गोदीच्या बोलीत सात शब्द सारखे नसतील.

गाडीवान गेला. पंतोजींच्या हातात आळूची जुडी होती ती त्यांनी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. मग घरी गेले. मी मागून गेले तर ते वेलावरचा सगळ्यांत मोठा भोपळा तोडत होते. तो फडक्यात बांधून पाठीला लावला, पाट डोक्यावर घेतला, बूट गळ्यात होतेच. मी म्हटलं मीही येते. ते म्हणाले, "ये. तूच आधी पाहिलं होतंस."

वाट उतरणीची होती आणि ते गुडघा धरून धरून चालत होते. दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या वर गेलेला. वाटेत एका मराठी घरी मुक्काम केला. सकाळी निघाल्यावर एकदाच त्यांनी विचारलं, "बाय, किती वेळा विचारलंस मला?"

"विचारायचं तेवढं विचारलं."

पुन्हा चालू लागले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. दोन्ही एकदम होतं, अजूनही आहे.

पोहोचलो तेव्हा दिवस रविवारचाच होता आणि कांपाच्या अंगणात उपासना चालली होती. धोंडू खुर्चीवर बसून नावं पुकारत होता. गळा गोड, त्यामुळे हजेरीसुद्धा गाण्यासारखी लागत होती. पंतोजींना बघून तो उठला, धावत आला, पाया पडला आणि त्यांना खुर्चीकडं नेऊ लागला. पंतोजींनी हात सोडवून घेतला. गोदीची झोपडी कोणती ते विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या दारात कोणी ना कोणी होतं, एकच दार मोकळं होतं. त्या दारासमोर त्यांनी पाट मांडला आणि त्यावर स्वतः बसले. बूट घालायचे राहून गेले, गळ्यातच होते.

"याला विचारायला मी शिकवलं," ते म्हणाले. "शिकवल्यावर तो काय करतो ते येऊन बघायचं माझं काम होतं. मी आलो नाही. गोड बातम्या ऐकत घरी बसलो. म्हणून याच्या आधी मला विचारा. जे मनात असेल ते विचारा."

कोणी विचारीना. लोक हात जोडून उभे. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "उनातनं आलाव पंतोजी, पानी घ्या वाईच."

"पाणी नंतर."

"तुमची काय चूक हाय वो यात?"

"हेच धोंडूला म्हणत आलात सगळे," पंतोजी म्हणाले. "मीही."

मग झोपडीतून गोदी बाहेर आली. लहानखुरी, वय फार नसावं. दाराच्या लाकडाला धरून उभी राहिली. खाली बसली नाही. पंतोजींकडं बघून तिनं विचारलं, "तुमी कदी येनार व्हतात?"

गुडघा सांगता आला असता. वादळं सांगता आली असती. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"पावसाळा संपल्यावर," ते म्हणाले.

गोदीनं अंगणाकडं पाहिलं. माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. "संपला," ती म्हणाली आणि आत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंतोजी तसेच पाटावर बसून राहिले, ऊन डोक्यावर आलं तरी. शेवटी उठले, पाठीवरचं फडकं सोडून भोपळा काढला, हातात धरून तिच्या दाराकडं बघितलं, आणि परत बांधला. तो भोपळा आम्ही इथवर परत आणला. खोपीच्या उंबऱ्यापाशी ठेवला तो तिथंच कुजला. तो चिरायचं मला धाडस झालं नाही आणि फेकायचंही.

धोंडूशी ते लोकांसमोर एक शब्द बोलले नव्हते. संध्याकाळी त्याच्याच झोपडीत, दार लावून, त्याला पाटावर बसवलं आणि आम्ही दोघं खाली बसलो. धोंडूला वाटत होतं आता शिव्याशाप. पंतोजींनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "कोणावर जोर केलास?" त्या दिवशी मी पहिल्यांदा धोंडूला अडखळताना पाहिलं.

"लोक ऐकंनात, पंतोजी. सरदाराचं ऐकत्यात. मी पन उभा ऱ्हायलोय त्या हजेरीत, ताप अंगात घेऊन. मला वाटलं माणसं अशीच सरळ होत्यात. दुसरं कुठं बघितलं मी?"

"माझ्यापाशी बघायचंस."

"तुमी आलाच न्हाई."

पंतोजींनी मान हलवली. मग तो रडला आणि पंतोजी रडले. मी रडले नाही. मला ते मूल दिसत होतं.

पाद्रीसाहेबाकडं ते स्वतः गेले आणि सगळं सांगितलं, स्वतःचा भाग आधी. साहेब मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, धोंडूला सुरिनामला धाडू, तिथं हे कोणाला ठाऊक नाही. पंतोजी म्हणाले, "म्हणूनच तिथं नको." साहेब म्हणाला, बरं, मग त्याला काढून टाकू, तुमच्याकडं काही दोष नाही. पंतोजी म्हणाले, "साहेब, मी त्याला असंच सोडलं होतं. चांगला आहे, दोष नाही म्हणून. आता तुम्ही मला तसंच सोडता आहात." धोंडूनं पांपलमूसलाच राहावं, गिरणीत काम करावं, उपासना चालवू नये, आणि दर महिन्याला पाटावर बसावं असं त्यांनी मागून घेतलं. आणि भागोजी आणि मी दोघं हो म्हणेपर्यंत आपल्याकडं कोणी नवा शिकायला धाडू नये असंही. साहेबाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भागोजी माझ्याबरोबर बाहेर थांबला होता, पंतोजी येताच त्यानं हो म्हणून टाकलं. मी बरेच महिने म्हटलं नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही, झालं का म्हणून.

त्यानंतर ते दर महिन्याला पांपलमूसला जात. पावसात जात, गुडघा सुजलेला असताना जात. गोदीच्या दारासमोर पाट मांडायचा आणि बसायचं. आधी लोक लांबून जात. मग एक जण आला, त्यानं विचारलं, आमचं सगळ्यांसमोर पुकारलं ते आता पुसलं कसं जाईल? पंतोजी म्हणाले, जात नाही. मग दुसरे येऊ लागले. कोणी त्यांना रागानं बोललं, कोणी नुसतं बसून गेलं. गोदी मात्र नाही. ती केरसुणी घेऊन अंगण झाडायची. झाडत झाडत पाटापर्यंत यायची, पंतोजी पाय वर उचलायचे, ती पाटाखालून झाडून घ्यायची आणि पुढं जायची. दोघंही एकमेकांकडं बघत नसत. मी कितीदा तरी बघितलं आहे ते. वर्षं गेली अशी.

इकडं आमच्या कांपात भोपळा यायचा बंद झाला. पंतोजींनी रागावणंच सोडलं होतं. पाटावर बसून विचारीत, ऐकून घेत, दुसऱ्या दिवशी पायानं येऊन बघत, सगळं होतं, पण आवाज चढत नसे. मी मुद्दाम चुका करून पाहिल्या. एकदा बायकांना जमवलंच नाही, एकदा त्यांच्यासमोर भागोजीला टाकून बोलले. नुसते बघत राहिले माझ्याकडं. मी घरी येऊन चुलीपुढं बसून रडले. इतकी वर्षं ज्या भोपळ्याचा कंटाळा केला त्याच्यासाठी रडले. वेल खोपीवर होता, फळं धरत होती, बाजारात जाणारे येणारे तोडून नेत.

मग बेटावर तो मोठा ताप आला. खालच्या मुलखात फार, घराघरांत. पंतोजी महिन्याच्या फेरीला गेले ते परत आले नाहीत. धोंडूनं निरोप धाडला की त्यांना ताप चढलाय, माझ्याच झोपडीत आहेत, ये. त्याच आठवड्यात ते गेले, तेही धोंडूच्याच झोपडीत. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक सकाळ.

मी पोहोचले तेव्हा ते चटईवर पडलेले होते. अंगात कोटच होता, काटे लावलेला, कारण काढू देत नव्हते. धोंडूनं पेज करून ठेवली होती, तिच्यावर साय धरली होती. "काल परवापासनं तोंड उघडंनात," तो म्हणाला. रात्रंदिवस तोच बसून होता, डोळे आत गेलेले. मला त्याच्याबद्दल जे वाटायचं ते तेव्हाही वाटत होतं, पण मी त्याला म्हटलं, तू जरा पड. तो पडला नाही.

मी चमचा पुढं केला, पंतोजींनी तोंड फिरवलं. मी रागावले, विनवलं, मुलाला बोलावं तसं बोलले. काही नाही. पाट भिंतीला टेकून उभा होता, तिकडं बघत होते. मला कळलं त्यांना काय हवंय, पण त्यांना बसवणं शक्यच नव्हतं.

एवढ्यात दारात सावली पडली. गोदी उभी होती, हातात केरसुणी तशीच, अंगण झाडता झाडता आल्यासारखी. तिथं विश्वासानं सांगून आली त्या दिवसापासून त्या झोपडीचा उंबरा तिनं ओलांडला नव्हता. धोंडू धडपडत उठला, भिंतीला अंग घासत बाहेर गेला आणि उन्हात उभा राहिला. गोदी आत आली. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि चटईशेजारी खाली जमिनीवर बसली, विचारणारा बसतो तिथं.

मला भीती वाटली. मनात आलं, बाई, आता नको विचारूस, झालं ते झालं, जाऊ दे म्हाताऱ्याला. बोलायला तोंड उघडलं तर पंतोजींनी हात थोडासा उचलून मला थांबवलं. ते तिच्याकडं बघत होते. इतकी वर्षं ज्यासाठी उन्हात बसले तो प्रश्न आता येणार म्हणून त्यांनी चटईवरच अंग जरा सरळ करून घेतलं.

"जेवलात का?" गोदीनं विचारलं.

पंतोजींच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं गेलं. पाटावर नव्हते, पण खरंच सांगितलं.

"नाही, बाय. जेवलो नाही."

गोदीनं केरसुणी बाजूला ठेवली. पेजेचं मडकं हातात घेऊन बघितलं, गार होतं. ती चुलीपाशी गेली, राख सारखी केली, आणि दाराबाहेर न बघताच म्हणाली, "धोंडू, लाकडं आन."